दुसरं पान

निपाणी
४ जानेवारी १९९९

ति. महांतेशअण्णास,
शिवलीलाचा शरणार्थ.

कोल्हापूर सोडून आज एकोणीस दिवस झाले. तू विचारलं नाहीस तरी सांगते, आम्ही दोघी निपाणीत आहोत. तंबाखूच्या वखारीमागे एक खोली मिळाली आहे. मला इथल्या छापखान्यात काम मिळालं. शाहूपुरीत होतं तेच, लग्नपत्रिकांसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं लावते आणि संध्याकाळी घरी येते. अक्षताचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तू माझा सख्खा मावसभाऊ. तुमच्या आघाडीचा मोर्चा आमच्या दारात आला त्या दिवशी तू कुठे दिसला नाहीस, म्हणून काय झालं ते लिहिते. पंधरा डिसेंबरला दुपारी चारला शाहूपुरी तिसऱ्या गल्लीत दोनशे माणसं आली. पुढे तुमचे साहेब, गणपतराव, हातात कर्णा. 'दोन बायकांनी लग्न लावलंय ह्या घरात, कोल्हापूरची अब्रू चालली' असं ते ओरडत होते. घरमालकीण झुंबरबाई आम्हाला कालपर्यंत पोरींनो म्हणायच्या, त्यांनी खालून कडी काढून दिली. अक्षता मोर्चेवाल्यांशी बोलायला जिन्यात गेली. एकाने ढकललं. ती अकरा पायऱ्या खाली गेली. वर उभी राहून मी त्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी शिरोलीच्या कारखान्यातून निरोप आला, स्टोअरमध्ये आता तिची गरज नाही.

प्रत्येकाच्या हातात एक पत्रक होतं. त्यावर आमचा करार छापलेला. लग्न म्हणता येत नाही म्हणून वकिलांनी ज्याला मैत्रीकरार म्हटलं, तोच. स्टॅम्प पेपर, शिक्का, आम्हा दोघींची नावं, अक्षताच्या गावाचं नावसुद्धा. तुला आठवत असेल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण सह्या केल्या. तू साक्षीदार आणि अक्षताचा भाऊ बुद्धभूषण दुसरा साक्षीदार. तू म्हणाला होतास, "मी हाय की. साक्षीदार जिता हाय तवर कागद जिता हाय."

करार दोन पानांचा आहे. पत्रकावर पहिलंच पान छापलंय.

मूळ कागद माझ्या पेटीत होता. झेरॉक्स दोनच, एक वकिलांकडे आणि एक तुझ्याकडे. तू आघाडीच्या कचेरीत चिटणीस आहेस. हा कागद तिथे कुणी पोचवला, तेवढं शोधून कळव.

तुझी
शिवलीला


कोल्हापूर
२० जानेवारी १९९९

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. वाचून वाईट वाटले. अक्षताच्या पायाची काळजी घे.

कागदाची चौकशी केली. वकिलांच्या कारकुनाचे काम असावे. असली माणसे चहाच्या कपाला विकली जातात. आता त्याचा पाठपुरावा करून काय मिळणार? मुंबईत त्या महिन्यात दोन बायकांच्या सिनेमावरून थिएटरांच्या काचा फुटल्या, मग इथेही काहीतरी व्हायलाच हवे होते. साहेबांचा तुमच्यावर व्यक्तिगत राग नाही. आमच्या नव्या मित्रपक्षाला हा विषय हवा होता. तुमच्याविरुद्धचा ठराव मी लिहिला हे खरे, पण मजकूर साहेबांचा. चिटणीस म्हणजे नुसता हात असतो.

एक मोठा भाऊ म्हणून सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्याकडचा मूळ कागद जाळून टाक, विशेषतः दुसरे पान. त्यावर बुद्धभूषणचे नाव आहे, त्या बिचाऱ्याला उगाच त्रास नको. जाळल्याचे कळव म्हणजे जिवाला घोर राहणार नाही.

तुझा
महांतेश


निपाणी
२ फेब्रुवारी १९९९

ति. अण्णास,

जाळला. दोन्ही पानं.

बुद्धभूषणची एवढी काळजी केलीस, ते मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ हसला.

शिवलीला


कोल्हापूर
११ एप्रिल २००४

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांत तुझे पत्र नाही. मीही लिहिले नाही, त्यात दोघांचाही दोष नाही.

आनंदाची बातमी म्हणजे आपल्या श्रुतीचे लग्न ठरले. मुलगा गडहिंग्लजचा, घराणे आपल्यातले. पत्रिका तुझ्याच हातची हवी असा तिचा हट्ट आहे. लहानपणी तुझ्याजवळ बसून ती खिळे निवडायची, ते तिला अजून आठवते. मजकूर सोबत आहे.

दुसरी बातमी तुला बरी वाटेल. आघाडी आता पूर्वीच्या मित्रपक्षाबरोबर नाही. नव्या मंडळींना जुने विषय नको आहेत. परवा बैठकीत ठराव झाला, "स्त्री-स्त्री वा पुरुष-पुरुष यांचे सहजीवन ही ज्याची त्याची खासगी बाब असून आघाडीला त्याविषयी मत नाही." शब्द माझेच आहेत. मत नसणे हीसुद्धा प्रगतीच म्हणायची.

लग्नाला अगत्य येणे. मात्र व्याही जुन्या वळणाचे आहेत, तेव्हा एकटीच ये. समजून घेशील.

तुझा
महांतेश


निपाणी
२३ एप्रिल २००४

ति. अण्णास,

पाचशे पत्रिका एस.टी.ने पाठवल्या आहेत. श्रुतीच्या नावाला मी जुना ठसठशीत खिळा काढला, आता कॉम्प्युटरवर तसं अक्षर येत नाही. तिला माझा आशीर्वाद सांग.

मी येणार नाही. दोघींना बोलावलं नाही तिथे एक कशाला.

तुमच्या आघाडीला मत नाही हे वाचून अक्षता म्हणाली, "माझ्या गुडघ्याला हाय की." ती आता छापखान्यात बांधणीला बसते. बसते म्हणजे उजवा पाय समोर लांब करून. तसाच लांब करून झोपते.

तिच्या आईबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल. तानूबाईंना वाचता येत नाही. तुमचं पत्रक गावात पोचलं तेव्हा चावडीवर त्यांना उभं करून ते मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा वाचल्यावर कुणी म्हणालं, म्हातारीला नीट ऐकू गेलं नसंल. मग परत वाचलं. त्यानंतर त्यांनी अक्षताला निरोप धाडला, मी जिती हाय तवर गावात येऊ नको, तुलाबी असंच उभं करतील. माय-लेकींनी पाच वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

यातलं काही तुला उद्देशून नाही. तू तर नुसता हात.

शिवलीला


कोल्हापूर
१४ जुलै २००९

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद.

पेपर वाचलाच असशील. दिल्लीच्या हायकोर्टाने निकाल दिला, आता तुमच्यासारख्यांना गुन्हेगार म्हणता येणार नाही. वाचल्याबरोबर तुझीच आठवण झाली.

मोठी गोष्ट पुढे आहे. विधानसभा तोंडावर आली. मुंबईच्या एका पुरोगामी गटाशी आमची बोलणी जुळली आणि साहेबांची उमेदवारी जवळजवळ पक्की आहे. परवा कचेरीत साहेब स्वतः म्हणाले, "शाहू म्हाराजांनी जात मोडून लगीन लावायला कायदा केला. आपण काय मागं ऱ्हायाचं व्हय?" ठराव झाला, "दोन सज्ञान व्यक्तींनी, मग त्या दोन स्त्रिया का असेनात, विवाह केल्यास आघाडी त्यांच्या पाठीशी उभी राहील. शाहूंच्या नगरीला याचा अभिमान वाटेल." जिल्ह्यात अशी भूमिका घेणारे आम्ही पहिले. माणूस बदलतो, शिवलीला. पक्षही बदलतो.

९ ऑगस्टला साहेबांचा जाहीर सत्कार आहे. मुंबईचे पाहुणे येणार आहेत. दोन विनंत्या आहेत. पहिली, मानपत्र तू लिहावेस आणि छापून फ्रेम करून द्यावेस. या भागात तुझ्यासारखा मजकूर कुणी लिहीत नाही. दुसरी, तुम्ही दोघींनी स्टेजवर यावे. साहेब स्वतःच्या हाताने तुम्हाला साडी-चोळी देणार आहेत. फोटो मुंबईच्या पेपरात येईल. जुनी जखम भरून निघेल.

मानपत्र आधी दाखवायची गरज नाही. आपले मानपत्र आपणच आधी मागून वाचणे साहेबांना अपशकुनाचे वाटते. वाचन नेहमीप्रमाणे माझ्याकडे आहे.

तुझा
महांतेश


निपाणी
२० जुलै २००९

ति. अण्णास,

मानपत्र लिहिते. आनंदाने लिहिते. अकरा वर्षांत एवढं आवडीचं काम आलं नव्हतं.

स्टेजवर आम्ही येणार नाही. अक्षताला पायऱ्या चढवत नाहीत. आमच्याऐवजी बुद्धभूषण त्याच्या आईला घेऊन येईल. त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या ठेव, म्हातारीला लांबचं ऐकू येत नाही.

मानपत्रात नुसते विशेषणांचे हार नकोत. साहेबांची वाटचाल यायला हवी. या विषयावर आघाडीने केलेले सगळे ठराव, तारखांसह, जसेच्या तसे पाठव. एक शब्द इकडचा तिकडे नको. आणि मानपत्र पूर्ण वाचायचं, मध्ये थांबायचं नाही, असा शब्द दे. अर्धवट वाचलेलं मानपत्र म्हणजे अर्धा फेटा बांधून माणसाला रस्त्यावर सोडणं.

शिवलीला


कोल्हापूर
२७ जुलै २००९

चि. शिवलीला हिस,

इतिवृत्ताच्या वहीतून चारही ठराव उतरवून पाठवत आहे. १९९५, ९८, २००४ आणि यंदाचा. सलग वाचताना माझा मलाच अभिमान वाटला. चौदा वर्षे वारे कसेही वाहो, भाषा कुठे घसरलेली नाही.

म्हातारीची खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध ठेवतो. शब्द देतो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.

तू मनात काही ठेवले नाहीस याचे समाधान वाटते.

महांतेश


निपाणी
६ ऑगस्ट २००९

अण्णा,

फ्रेम पाठवली आहे. वरचा कागद स्टेजवरच फाड. मजकुराखाली एका जुन्या कागदाची झेरॉक्सही लावलीय, शोभेला.

शिवलीला


कोल्हापूर
११ ऑगस्ट २००९

शिवलीला,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. काय झाले ते बुद्धभूषणने तुला सांगितले असेलच. तरी मला माझ्या तोंडाने सांगितले पाहिजे.

मंगल कार्यालय भरलेले होते. साहेबांना फेटा बांधला, शाल घातली, हातात श्रीफळ दिले. मानपत्र वाचून होईपर्यंत सत्कारमूर्तीने उभे राहायचे असते, तसे ते मधोमध हात जोडून उभे राहिले. मुंबईचे दोघे पाहुणे शेजारी बसलेले. मी कागद फाडला आणि माईकसमोर गेलो. मजकुराखाली काचेत काय आहे ते तेव्हाच दिसले. करारावरची माझी सही मी ओळखली. तू जाळले म्हणाली होतीस.

थांबता आले असते. पण दोन हजार माणसे बघत होती आणि मला मानपत्र वाचायची सवय आहे. सवयीनेच तोंड उघडले.

"मार्च १९९५ मध्ये आपण म्हणालात, असली माणसे आपल्या जिल्ह्यात नाहीतच." टाळ्या. "डिसेंबर १९९८ मध्ये म्हणालात, ही विकृती आहे, करवीरनगरीत तिला थारा नाही." टाळ्या. "एप्रिल २००४ मध्ये म्हणालात, आघाडीला मत नाही. जुलै २००९ मध्ये म्हणालात, नगरीला अभिमान वाटेल. चार ठराव, सही एकच. एवढा प्रवास करून आपण एकदाही मागे वळून पाहिले नाहीत, ही आपली थोरवी." यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मानपत्र कुणी ऐकत नसते, शिवलीला. आवाज चढला की टाळी वाजवतात, एवढेच. साहेबही मान डोलावत होते.

मी पुढे वाचले. "त्या १५ डिसेंबरला शाहूपुरीतल्या जिन्यावरून अक्षताला ढकलण्यात आले. तिचा उजवा पाय आजही सरळच राहतो. तिचा करार चव्हाट्यावर आणणारे, त्याच करारावर साक्षीदार म्हणून सही करणारे आणि स्वतःची सही असलेले पान घरी ठेवणारे गृहस्थ आज आपणासमोर हे मानपत्र वाचत आहेत. त्यांची सही खाली पाहावी."

यालाही टाळ्या पडल्या.

मला वाटले, सुटलो. कुणाला काही कळलेच नव्हते. साहेबांना मात्र कळले होते. श्रीफळ घट्ट धरून ते दातओठ खात म्हणाले, "आटप की रं."

तेवढ्यात पहिल्या रांगेत तानूबाई उभ्या राहिल्या. पांढरे लुगडे, हातात काठी. एवढ्याशा म्हातारीचा आवाज माईकवाचून सगळीकडे गेला.

"परत वाचा की, पावणं. माझ्या पोरीचं नाव आलं तितनं. टाळ्यांत ऐकू आलं न्हाय."

कुणीतरी म्हणाले, आजी, बसा. त्या म्हणाल्या, "आमच्या चावडीवर दोनदा वाचलंतं. मी उभ्यानं ऐकलं. आता ह्येंनीबी उभ्यानं ऐकावं."

साहेब खुर्चीकडे वळले तर बुद्धभूषण स्टेजखालून शांतपणे म्हणाला, "मानपत्र चालू हाय, सायेब. बसायचं नसतं."

मी परत वाचले. या वेळी एकही टाळी वाजली नाही. पंख्यांचा आवाज येत होता. शेवटची ओळ झाल्यावर साहेबांनी माझ्या हातातली फ्रेम हिसकावून घेतली, पण ठेवणार कुठे? एका हातात श्रीफळ होते. तशीच छातीशी धरून उभे राहिले. त्यांचा तेवढाच फोटो मुंबईच्या पेपरात आला आहे. पाहुणे न जेवता गेले.

काल मला कचेरीतून काढले. आज नवा ठराव झाला, "सदर विषय आघाडीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही." पाचवा. दुसऱ्या कुणीतरी लिहिला आहे, वाक्य लंगडे आहे.

आता खरे सांगतो. ९८ साली साहेबांनी मला सगळ्यांदेखत विचारले, "ती शाहूपुरीतली पोरगी तुझी भन ना रं? तुलाबी म्हाईत असंल की." मला वाटले, माझे नाव निघण्याआधी मीच कागद द्यावा. दुसऱ्या दिवशी पहिले पान नेऊन दिले. ते मोर्चा काढतील असे वाटले नव्हते, हे खोटे आहे. वाटले होते. मोर्चाच्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर उभा होतो.

श्रुतीला सगळे कळले आहे. ती फोन उचलत नाही.

तुझे समाधान झाले का? झाले असेल तर मला माफ कर.

महांतेश


निपाणी
३ सप्टेंबर २००९

श्री. महांतेश यांस,

आपले पत्र मिळाले.

आपण विचारले आहे, समाधान झाले का. झाले. लोकांनी सांगितले होते की सूड घेऊन काही मिळत नाही, आतून रितेच वाटते. तसे काही झाले नाही. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गणपतराव फ्रेम छातीशी धरून उभे आहेत तो फोटो कापून छापखान्यात लावला आहे. पत्रिका छापायला आलेले लोक विचारतात, हे कोण? मी सांगते. वेळ असला तर सगळे सांगते.

माफी मात्र माझ्याकडे मागू नका. पायऱ्या मी फक्त मोजल्या, पडली अक्षता. तिला आपले पत्र वाचून दाखवले. चहाच्या गाड्याची ओळ आली तेव्हा ती म्हणाली, "तितनं जिना दिसतो." उत्तर द्यायला तिने मला सांगितलेले नाही.

श्रुतीचा फोन आमच्याकडे येतो. दिवाळीला ती येणार आहे. तिला आम्ही दोघींनी बोलावले आहे.

गेल्या रविवारी तानूबाई बुद्धभूषणबरोबर एस.टी.ने आल्या. अकरा वर्षांनी आल्या. दारातच बसल्या आणि अक्षताचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत राहिल्या. जेवायला उठा म्हटले तर उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. नवा स्टॅम्प पेपर घेतला, मजकूर जुनाच ठेवला. साक्षीदार म्हणून बुद्धभूषणने सही केली. दुसऱ्या साक्षीदाराचे काय, असे वकिलांनी विचारले. तानूबाईंनी पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "कुठं दाबायचा अंगठा, दाव." शाई बरीच लागली. अंगठा सहीपेक्षा मोठा उठला आहे.

साक्षीदार जिता तोवर कागद जिता, असे आपणच म्हणाला होतात. म्हणून साक्षीदार बदलला.

जुन्या कराराचे मूळ दुसरे पान आता आमच्या कामाचे राहिलेले नाही. ते जाळा असे आपण एकदा सुचवले होते. मला जाळवत नाही. सोबत पाठवत आहे. कचेरी सुटल्याने आपल्याला आता वेळ असेल. भिंतीवर लावा, आणि कुणी घरी आले तर वाचून दाखवा. ऐकू गेले नाही म्हणाले, तर दोनदा.

शिवलीला आणि अक्षता

सोबत : एक पान.